सात नंबरचा माग

कामतघर वस्तीत खलीलच्या घराखाली बारा यंत्रमाग होते, आणि त्यांचा खडखडाट घरात कुणालाच ऐकू येत नसे. ऐकू येई तो थांबला तरच. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. वरच्या मजल्यावर जेवताना खलीलचा घास हातातच थबके आणि तो म्हणे, "पाच नंबर."

त्या सोमवारी सात नंबर सकाळपासून तीनदा थांबला. तिन्ही वेळा खलीलने भिंग लावून धागा तपासला. धागा अखंड होता, ताण बरोबर होता, वीज सुरळीत होती. योगायोग हा शब्द त्याला मान्य नव्हता. कारण शोधण्याचा आळस माणसे त्या शब्दाखाली झाकतात, असे त्याचे ठाम मत होते.

"धागा साबूत हाय, शेठ," ठमाबाई म्हणाली. पडघ्यापलीकडच्या पाड्यावरून येऊन ती वर्षानुवर्षे त्याच्याकडे कांड्यांवर सूत भरत असे. "पन ह्यो माग कायतरी ऐकतोय."

"मागाला कान असते, तर तुझ्या बडबडीने केव्हाच पळाला असता."

एरवी खळखळून हसणारी ठमाबाई आज हसली नाही.

वर त्याच्या बायकोला, अदीबाला, दहा वाजल्यापासून कळा येत होत्या. पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गुरुवार ठरला होता, आणि त्याआधी कळ आली तर तडक या, जुने टाके ताण सोसणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. खलीलने पिशवीही भरली होती. पण त्याची आई, खुर्शीदबी, दारात उभी राहिली.

"कच्च्या कळा आहेत रे. मला चारही वेळा अशाच आल्या. आत्ता नेलीस की लगेच पोट फाडतील."

वाद रंगला. अदीबा भिंतीला टेकून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. कळा काय, मी घेतेच आहे."

अखेर जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर निघायचे, अशी तडजोड झाली. खलील आयुष्यात क्वचितच वादात नमला होता. त्या दिवशी नमला.

पावणेदोनला सात नंबर चौथ्यांदा थांबला. खलील खालीच होता. या वेळी कापड फाटले होते. आडवे, वीतभर. फाटीच्या कडा वरच्या बाजूस उचललेल्या होत्या, जणू खालून कुणी जोर लावला असावा.

तेवढ्यात जिन्यावरून आईचा आनंदी स्वर आला. "खलील! अल्लाचा शुक्र! दुखायचं एकदम थांबलं. मी म्हणत नव्हते?"

ठमाबाईच्या हातातली कांडी गळून पडली.

खलील वर धावला. अदीबाचे ओठ पांढरे पडले होते, कपाळ घामाने थंडगार.

"आता दुखत नाही," ती पुटपुटली. "आत काहीतरी सुटलं. मग सगळं शांत."

शांत.

त्याच्या कानांना जन्मभर एकच शिकवण होती. आवाज थांबला, म्हणजे काहीतरी तुटले.

त्याने तिला उचलले. "ठाण्याला मोठ्या दवाखान्यात..." आई म्हणू लागली.

"कशेळीच्या पुलावरच गर्दीत अडकू. इथेच नेतो." रिक्षात बसता बसता त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

तासाभराने त्या शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण डोळे हसत होते. "जुन्या टाक्यांवर गर्भाशय फाटलं होतं. आणखी थोडा वेळ घरी थांबला असतात, तर दोघीही हाती लागल्या नसत्या. शिवलंय मी. मुलगी जरा उशिरा रडली, पण रडली. एक मात्र लक्षात ठेवा, आता पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत."

खुर्शीदबीने पदर तोंडाला लावला. "माझीच चूक," ती म्हणाली, आणि खलीलने प्रथमच तिच्याशी वाद घातला नाही.

शुक्रवारी सगळे माग बंद होते. दुपारी अदीबा मुलीला घेऊन घरी आली. ठमाबाई बाळ पाहायला आली आणि खाली खलीलपाशी थांबली.

सात नंबरवरची फाट मिटली होती. खलीलने भिंग लावले. बारीक, समान अंतरावरच्या गाठी. सगळ्या कापडाच्या आतल्या अंगाने.

"तू सांधलंस?"

"न्हाय, शेठ. माझी गाठ येवढी बारीक बसत न्हाय."

वर अदीबा मुलीशी बोलत होती. तिचे हसू खालपर्यंत ऐकू आले. सातव्या महिन्यात ती त्याचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवीत असे. तसाच त्याने तळहात त्या शिवणीवर टेकवला.

कापड कोमट होते.

त्याने हात काढला नाही. मग कापडाखालून, एकदाच, कुणीतरी हलकेच पाय मारला.