निळ्या दोरीचे तीन तुकडे

"मावशी, धक्का! धक्का आला!" चिंगी किंचाळली.

मावशीने गिअरचा दांडा दोन्ही हातांनी मागे ओढला. तो हलेना. शेवटी खटकन सुटला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं! बोट सरकत सरकत धक्क्यावरच्या जुन्या टायरांवर आदळली आणि भोपळ्या बिस्किटांच्या पुड्यासकट आडवा झाला.

"एकही बिस्कीट मोडलं नाही!" तो पडल्या पडल्या म्हणाला.

मावशी मात्र हसली नाही. ही बोट आजोबांची. हिच्यावरच ती बोट चालवायला शिकली होती. आणि उद्या सकाळी माणूस येऊन ती मोडीत घेऊन जाणार होता! मिस्त्रीने तीनदा येऊन हात टेकले होते. "मी तपासतो तेव्हा नीट चालतं, नंतर अडतं. म्हणजे आतलं गिअरच झिजलंय, मॅडम. जुन्या बोटीचे भाग आता कुठले मिळायला!"

मावशी डोळे पुसत घराकडे गेली. इंजिनाची किल्ली तिच्या खिशात होती.

"मिस्त्री असला की नीट, गेला की अडतं?" तिघा पोरांत मोठी असलेली ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "गिअर काय मिस्त्रीला घाबरतं? उघडा रे झाकण!"

तिघांनी मिळून इंजिनावरचं जड झाकण उचललं. तळाशी तेलकट पाण्यात काहीतरी निळं दिसत होतं. चिंगीने ते चिमटीत धरून वर काढलं. दोरीचे तीन तुकडे, तिन्ही चाकूने कापलेले!

"आणि चौथी दोरी इथे आहे," भोपळ्या म्हणाला. मागच्या गिअरकडे जाणारी जाड काळी केबल घट्ट वेटोळं करून निळ्या दोरीने बांधली होती. गाठ अगदी नीटनेटकी.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही गाठ घरात सगळीकडे होती! पडद्यांना, पंख्याच्या वायरीला, काल तर भोपळ्याच्या बुटांच्या नाड्यांनासुद्धा. लोंबणारी वस्तू काकांना बघवतच नसे.

"सोडू?" चिंगीने विचारलं.

"खबरदार!" ताई म्हणाली. "मिस्त्रीला बोलाव. काकांनाही आण."

मिस्त्री कुरकुरतच आला. झाकणाखाली डोकावला आणि सवयीने त्याने चाकू काढला.

"थांबा!" ताई ओरडली. "आधी दांडा हलवून बघा!"

त्याने हलवला. दांडा जागचा हलेना.

"आता कापा."

दोरी तुटली, वेटोळं सैल झालं आणि दांडा अलगद सरकला!

"अरेच्चा!" मिस्त्री खालीच बसला. "हात घालायला अडचण होते म्हणून मी दर वेळी कापायचो..."

"आणि तू पसारा करून जायचास म्हणून मी दर वेळी बांधायचो!" काका म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

"केबल ऐसपैस वळणानेच जायला हवी," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "आवळली की आतली तार अडते. गिअर सुटावं म्हणून एक बटण क्षणभर दाबलं जातं आणि इंजिन तेवढ्यापुरतं मंदावतं. तार अडली की बटण दाबलेलंच राहतं आणि इंजिन बंद! पोरांनो, हे मला सुचायला हवं होतं. शाबास!"

चिंगीने धावत जाऊन मावशीला आणलं. तिने किल्ली लावून पाण्यात एक मोठी फेरी मारली. धक्का जवळ येताच दांडा मागे घेतला. गिअर सुटलं, इंजिन गुरगुरतच राहिलं! तिने तिथूनच फोन लावला. "उद्या येऊ नका. बोट द्यायची नाही." मग तिने ताईला शेजारी ओढून तिचा हात दांड्यावर ठेवला. "मी शिकले तेव्हा तुझ्याएवढीच होते. उद्यापासून तुझी पाळी."

काका धक्क्यावर बोटीची दोरी घेऊन ओशाळल्यासारखे उभे होते. "बोट तरी बांधू का?"

"ही बांधा," मावशी खळखळून हसली. "अगदी घट्ट बांधा!"