संगनमत मोडताना

"मॅडम, बाजूला व्हा!"

खांद्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर, कपाळावर घाम. ऑक्सिजन प्लांटच्या दारातच आमची टक्कर व्हायची राहिली.

"बाजूला व्हायला आलेले नाही मी," मी ओळखपत्र दाखवलं. "स्पर्धा आयोग. संगनमताने भाव वाढवल्याची तक्रार आहे, झडती घ्यायचीय."

तो हसला. "मग आधी मला बाहेर तरी जाऊ द्या. दवाखान्यात वाट बघतायत."

मी पटकन बाजूला झाले... आणि गाल का तापले, कळलं नाही.

साथ भरात होती. शहरातल्या पाचही प्लांटवाल्यांनी एकाच दिवशी एकसारखा भाव दुप्पट केला होता. साहेब म्हणाले होते, "साथ ओसरू दे. मालक दुखावले आणि त्यांनी पुरवठा थांबवला तर?"

"साथ ओसरेपर्यंत माणसं ओसरतील, सर," असं म्हणून मी झडतीला निघाले होते.

झडतीनंतर आठवड्याने तो सिलिंडरवाला स्वतःच माझ्या ऑफिसात आला. त्याच प्लांटच्या मालकाचा पुतण्या – आईवडिलांमागे काकांनीच वाढवलेला.

"भाव आमच्याच घरी ठरला. मी तिथं होतो. साक्ष देतो."

"घर सुटेल तुमचं."

"काळजी वाटते?"

"साक्षीदाराची वाटतेच."

"फक्त... साक्षीदाराची?"

"चौकशी संपेपर्यंत एवढंच," मी मान खाली घालून म्हणाले.

काकांनी प्लांट बंद करण्याची धमकी दिली. तेव्हा तो कामगारांसह आतच मुक्कामाला राहिला. एकही गाडी थांबू दिली नाही.

सुनावणीत काकांच्या वकिलाने डोळे मिचकावले. "मॅडमवर भाळून साक्ष देताय ना?"

"तसं असतं तर शर्टाला इस्त्री तरी केली असती," तो म्हणाला. "श्वासासाठी जे रांगेत उभे आहेत, त्यांच्यासाठी देतोय."

हशा पिकला, पण काकांची मान वर झाली नाही.

पाचही मालकांना दंड झाला. भाव त्याच दिवशी खाली आला.

बाहेर पायऱ्यांवर तो एकटाच उभा होता.

"घर गेलं. चौकशीही संपली," तो म्हणाला. "आता तरी..." आणि एवढा बोलका माणूस – शब्दच विसरला!

"आता मी सांगते," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. फार आवडता."

मागून काका गरजले, "लाज नाही वाटत? चारचौघांत!"

"भाव चोरून ठरवतात, काका," मी म्हणाले. "प्रेम नाही."

आणि सगळ्यांदेखत मी त्याचा हात धरला.