नीरफणसाखालची जागा

शेगडीवरची किटली कर्कश शीळ घालत होती आणि मर्लीन तिच्या अगदी शेजारी उभी राहून, जणू घरात काहीच वाजत नाही अशा निर्विकारपणे, कॅलालूची पातळ पालेभाजी ढवळत होती.

“ताई, मुद्दाम करतेस ना हे?” धाकट्या अँसिलने टेबलावरून उठून शेगडी बंद केली. “मी तोंड उघडलं की तुझी किटली ओरडायला लागते.”

“विसरले रे,” ती म्हणाली. वाफ तिला आत्ता कुठे दिसली होती.

कित्येक वर्षांनी अँसिल ब्रुकलिनहून बेटावर परतला होता. कार्निव्हलपूर्वी बँडचे पॅन सुरात लावून देण्यासाठी. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून घडवलेल्या त्या वाद्यात केसाइतका बेसूरपणाही त्याच्या कानातून सुटत नाही, अशी त्याची ख्याती. कालच तो रेडिओवर म्हणाला होता, की हा कान ईश्वराचे देणे, कोणी शिकवला नाही. सख्ख्या बहिणीने तर हातोड्याला शिवूही दिले नाही. मर्लीनने ते रेडिओला कपाळ टेकवून ऐकले होते... आणि तिथेच बसून राहिली होती.

जेवायला आलेले बँडचे कप्तान हॉलिस यांनी तोच विषय काढला. अँसिल हसत सांगू लागला, की बाबा पिंप ठोकत तेव्हा समोर बसून ते धरण्याचा मान कायम ताईचा. आपली रवानगी मात्र अंगणातल्या नीरफणसाखाली. पॅनकडे पाठ करून बसायचे आणि ताईने वाजवलेला स्वर ओळखायचा.

“आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मत्सर हो काका, दुसरं काय!”

मर्लीनने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

ईश्वराने कान वाटल्याचा पुरावा कोणापाशी नाही. सरावाने तो घडतो, हे मात्र त्या अंगणात सिद्ध झाले होते. पॅनचा स्वर एकटा नसतो, त्याच्या पोटात वरच्या सप्तकाचा स्वर दडलेला असतो. तो वेगळा ऐकायला मर्लीनने त्या रडणाऱ्या पोराला शिकवले होते, वर्षानुवर्षे, निष्ठुर ममतेने. आणि हातोड्याच्या आवाजाने कानातल्या उंच स्वर टिपणाऱ्या नाजूक पेशी आधी मरतात व पुन्हा उगवत नाहीत, हे शास्त्र ठाऊक नसतानाही, बाबांना आपली हाक ऐकू येत नाही एवढे त्या कोवळ्या मुलीने पाहिले होते. समोर कोणीतरी बसणे भाग होते. कोणी बसायचे, ते तिने ठरवून टाकले... आणि कोणालाच सांगितले नाही, कारण बोलून दाखवलेला त्याग समोरच्याला आरोपासारखा ऐकू येतो.

जेवणानंतर अँसिलने हॉलिस यांच्यासमोर अंगणात नवा पॅन मांडला. पहिला कौल मर्लीनचा, ही बाबांच्या वेळची रीत. त्याने एक स्वर वाजवला.

“कसा आहे?”

“स्वच्छ.”

त्याच्या कपाळावर आठी उमटली. त्या स्वरातले वरचे सप्तक त्याने अजून लावलेच नव्हते. “नीट ऐक, ताई.”

“स्वच्छ आहे म्हटलं ना.”

तो काठी खाली घेऊन तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “झाडाखाली जाऊन बस. पाठ करून.”

तिला तो टोमणा वाटला. तरी ती गेली. जिथे त्याला बसवले होते त्याच मुळांवर, अंगणाकडे पाठ करून बसली.

“जी,” तिने पहिल्या स्वराचे इंग्रजी नाव सांगितले. पुढचा स्वर वाजला, म्हणजे बरोबर. “सी.” पुन्हा बरोबर. “एफ शार्प.”

नंतर सारे निःशब्द झाले. वाऱ्याने पाने हलताना दिसत होती. ती आतुरतेने वाट पाहत होती. कित्येक वर्षांत कोणी तिचा कान असा मागितला नव्हता.

“वाजव ना रे,” ती म्हणाली. “केव्हाची बसलेय.”

तिने मागे वळून पाहिले. अँसिल पॅनच्या मधल्या, लहान आणि उंच स्वरांवर वाकला होता. तिच्या डोळ्यांदेखत काठीचे रबरी टोक पत्र्यावर पडले, उसळले, पुन्हा पडले... आणि जगात काहीच वाजले नाही.

काठी टाकून तो आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिला ओठ दिसावेत म्हणून त्याने चेहरा वर धरला होता, पण ते ओठच थरथरत होते.

“बाबांसमोर मी बसलो असतो तर...”

“तर आज हा पॅन कोणी लावला असता?”

“रेडिओवर मी... काकांसमोर मी...”

“चुकलं ना?” तिने त्याचे डोळे पुसले. “मग पुन्हा पहिल्यापासून.”

तो उठला आणि अंगणातल्या हॉलिस यांच्याकडे गेला. त्याची पाठ मर्लीनकडे होती आणि त्याचे शब्द झाडापर्यंत पोहोचत नव्हते. तो बराच वेळ बोलत होता. तिला एवढेच दिसले, की ऐकता ऐकता हॉलिस यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि नीरफणसाकडे पाहत ती छातीशी धरली.