कॉलरमधलं नाव

दिवा राहू दे तसाच. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय. तो ऑपेरा थिएटरात शिंपी आहे. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाऊनच. त्यात चढ्या आवाजाचा नायक असतो, त्याला टेनर म्हणतात.

तिथला टेनर म्हणजे पहाड. आवाजावरून पडलेलं नाव. पंधरा वर्षं कोरसात मागे उभा राहिला, मग वीस वर्षं नायक. नायकाचा मखमली कोट एकच, पूर्वीपासून चालत आलेला. जो घालेल त्याच्या नावाची पट्टी कॉलरच्या आत शिवायची. कोरसात असताना पहाड त्या पट्ट्या चोरून बघायचा. म्हणायचा, "इथे नाव लागलं की भरून पावलो."

लागलं. पण एका प्रयोगात वरचा सूर फाटला. एकदाच! तर मॅनेजरने फोनवरून काढून टाकलं. फोनवरून! नालायक माणूस. महिन्याभरात पहाड वारला.

गेल्या नोव्हेंबरातली मंगळवारची रात्र. दुसऱ्या दिवशी नव्या टेनरचा प्रयोग. मॅनेजर मेहुण्याला म्हणाला, "त्याची पट्टी काढ. फाटक्या गळ्याचं नाव नकोय मला."

"साहेब, बाकीच्यांची आहेत की."

"उसव म्हटलं ना!"

नोकरी होती, काय करणार. सगळे गेल्यावर एकटाच बसला. पट्टी उसवली, खिशात टाकली, कोट खुंटीला लावला. इस्त्री बंद करायला वळला...

रंगमंचावर कुणीतरी गळा साफ केला.

मागे बघितलं. खुंटी रिकामी.

"मग, काका?"

मग... गाणं. ओळखीचं. चढत गेलं. त्या सुरापाशी आलं... मेहुण्याने कान झाकले.

फाटला नाही. लागला. पण गोड नव्हता रे. राग होता त्यात, पस्तीस वर्षांचा. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

मग... काही नाही.

कोट खुंटीवर. खिसा चाचपला. रिकामा. पट्टी कॉलरमध्ये. पक्की शिवलेली.

सकाळी मेहुण्याने सांगितलं, तर मॅनेजर स्वतः ब्लेड घेऊन आला, शिव्या घालत. कॉलर धरली... आणि हात पँटला पुसला. ब्लेड तसंच घेऊन परत गेला. नव्या टेनरला नवा कोट शिवला.

जिरली त्याची! बरं झालं.

जुना कोट अजून तिथेच आहे. कुणी घालत नाही. मेहुणा रोज हात लावून बघतो. कॉलर घामाने ओली... अजून वाळलेली नाही.