अंगठ्याची खोबण

झुहैर पहिल्यांदा लाकडी कोरीवकामाच्या दुकानात आला तो बहिणीसाठी डबी घ्यायला. झाकणावर तिचं नाव कोरायचं होतं, ते कागदावर लिहून देताना पेन तीनदा त्याच्या हातून निसटलं. तिसऱ्यांदा दुकानातल्या उस्तादांच्या मुलीनं, बत्तूलनं, ते वरच्यावर झेललं.

"नाव फार लांब आहे का?" तिनं विचारलं.

"नाव छोटंच आहे... हात थकलाय."

बाहेर एसविरा बंदराचा वारा सुटला होता. त्या वाऱ्याला ना सण ठाऊक, ना सुट्टी. त्याच्याबरोबर समुद्राचे खारट तुषार थेट दारापर्यंत येत होते. आत अरारच्या लाकडाचा गोड, मिरमिरीत वास भरला होता. झुहैर ओल्या खांद्यांनी उभा राहून शरमल्यासारखा हसला, आणि बत्तूलला त्या हसण्याचा उगीचच राग आला. राग कसला म्हणा... ज्याला कळायचं त्याला कळलं.

तो कोर्टात नक्कलनवीस होता. निकाह, तलाक, जमिनीची खरेदी, जे काही होईल ते सकाळपासून चारपर्यंत भल्यामोठ्या वहीत हातानं उतरवायचं. खाडाखोड चालत नाही. वर्षभराच्या बोलीवर घेतलेला. वसंतात न्यायाधीश वही चाळणार, अक्षर डळमळलेलं दिसलं की घरचा रस्ता. बत्तूलनं त्याची बोटं पाहिली. तर्जनीला खळगा पडलेला, अंगठा वाकून सुजलेला.

तिचे वडील बुजमा उस्ताद गावातल्या सुतारांना पटाशीच्या मुठी करून देत, प्रत्येकाच्या तळव्याच्या मापानं. तेच तिच्या डोक्यात होतं. "दोष हाताचा नाही, सी झुहैर," तिकडच्या रीतीनं अदबीचं 'सी' लावून ती म्हणाली. " काडीसारखं पेन, त्याला हात तरी कुठं धरणार? मी त्याला लाकडाची मूठ करून देते."

तिनं कोमट मेणाचा गोळा त्याच्या बोटांत दिला आणि पेन धरतो तसं धरायला लावलं. अंगठा जरा खाली हवा होता. तो तिनं आपल्या बोटानं सरकवला... एवढंच. पण त्या दिवशी डाळिंबाचं झाड कोरायचं होतं त्या पेटीवर तिनं दोनदा अंजीर कोरलं.

"हे दुखणं बरं होणार की वाढणार, लल्ला बत्तूल?" जाता जाता त्यानंही तसंच अदबीनं विचारलं.

"ते तुम्ही किती लाड करता त्यावर आहे."

"दुखण्याचे की मूठ करणारीचे?"

"आधी मूठ होऊ द्या," ती म्हणाली, आणि कारण नसताना झाडू हातात घेतला.

मग दर गुरुवारी कोर्ट सुटलं की तो येऊ लागला. ती कानशीनं मूठ घासायची, तो चार ओळी लिहून बघायचा, पुदिन्याचा चहा व्हायचा. मग तीच मूठ पेनाला लावून तो आठवडाभर कोर्टात लिहायचा. कुणाचं लग्न मोडलं, कुणी एकाच बाईशी तिसऱ्यांदा निकाह लावला, असलं काय काय तो नावं गाळून सांगायचा. वडील दारात बसून पॉलिश करत. त्यांना सगळं दिसत होतं, पण ते बोलत नसत.

चौथ्या गुरुवारी मूठ जवळजवळ बसली. अंगठ्याच्या खोबणीत केसभर उंचवटा राहिला होता. कानशीचे दोन हात मारले की संपलं. बत्तूलनं कानस उचलली आणि तिच्या मनात आलं. मूठ झाली की हा येणार कशाला? बाजारात शंभर डोळे. कामाशिवाय परका पुरुष दुकानात बसत नाही.

तिनं कानस खाली ठेवली. "पुढच्या गुरुवारी बघू," ती म्हणाली.

केसभरानं काय होतंय, असं ती मनाला समजावत राहिली. पुढच्या गुरुवारी तिनं भलतीकडेच घासलं. त्याच्या पुढच्याही. आतून मन खात होतं, पण तो दारात दिसला की सगळं विसरायला व्हायचं. दुखतंय का म्हणून विचारलं की तो हसून नाही म्हणायचा, आणि तिनंही तेवढ्यावर समाधान मानलं.

अकराव्या गुरुवारी तो आला तो हात पट्टीत बांधून.

अंगठ्याची शीर सुजली होती. डॉक्टरनं सहा महिने पेन धरायला मनाई केली होती. न्यायाधीशांनी वही चाळली, शेवटची चाळीस पानं पाहिली आणि चांगल्या शब्दांत निरोप दिला. साफी गावाला मामाचा सार्डिन मासळीचा धंदा होता, पाचच्या बसनं तो तिकडे निघाला होता. हे सगळं त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं.

"दुखत होतं तर बोलला का नाहीत?" तिनं विचारलं.

"तुमच्या कामाला नावं कशी ठेवणार? मला वाटलं, हातच माझा खोटा." तो थांबला. "नोकरी कायम झाली की आईला साखरेचे सुळके घेऊन तुमच्याकडे पाठवणार होतो... मागणी घालायला. आता कोणत्या तोंडानं पाठवू?"

बत्तूलला रडू कोसळलं. तिनं रडत रडतच सगळं सांगून टाकलं. चौथा गुरुवार, केसभर उंचवटा, न मारलेले दोन हात. "तुम्ही येत राहावं म्हणून," ती म्हणाली. "मला तुमच्यावाचून गुरुवार नको होता."

त्यानं पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. दारातला पॉलिशचा आवाज थांबला होता.

"नुसतं ये म्हणाली असतीस," तो म्हणाला. त्यानं तिला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.

मग त्यानं खिशातून मूठ काढून तिच्यापुढं ठेवली. "मारा ते दोन हात," तो पुन्हा तुम्हीवर आला.

तिनं मारले. चिमूटभर भुसा पडला. त्यानं पट्टी सोडली आणि सुजलेला अंगठा हळूच खोबणीत टेकवला. तो नीट बसला.

"आता कुठंच टोचत नाही," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

त्यानं उस्तादांना सलाम केला, पिशवी डाव्या खांद्याला लावली. बस सुटायला अजून तासभर होता. तरी तो निघाला.