भिंतीचे शब्द

शब्दरोपण प्रयोगशाळेच्या आरामखुर्चीत ऋजुता सबनीस पाय हलवत बसली होती. डोक्यावर तारांच्या जाळीची टोपी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वीस वर्षांची ही पोरगी पुढच्या महिन्यात दक्षिण अमेरिकेत भित्तिचित्रं शिकायला निघाली होती, आणि तिथल्या चित्रकारांची स्पॅनिश बोली तिला एका दुपारीतच हवी होती. आईच इथे मेंदूशास्त्रज्ञ असल्यावर पाठांतराची कटकट कोण करणार?

"काय काय आलं?" टोपी काढत डॉ. रेवती सबनीसांनी विचारलं.

"भन्नाट आहे हे, आई! बाहेरची भिंत 'मुरो', घरातली 'पारेद'. छाप मारायचा कापलेला पुठ्ठा म्हणजे 'प्लांतिया'. चित्राखाली ठोकायची सही 'फिर्मा'. आणि घाईघाईत भिंतीवर खरडलेली घोषणा, ती 'पिंतादा'."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापला. दमली असेल, असं रेवतीला वाटलं.

फाटकावर गणवेशातले पहारेकरी गेनूकाका उभे होते. ऋजुताला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून हिंडवलं होतं. "काय गं, झालीस का परदेशी?" असं त्यांनी हसत विचारलं मात्र, ऋजुता किंचाळली. भिंतीला पाठ लावून ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून एकच शब्द पुटपुटत राहिली, "पिंतादा, पिंतादा." गेनूकाका बिचारे कावरेबावरे झाले.

त्यानंतर बसचा कंडक्टर दिसला तरी तेच, दवाखान्यातली नर्स दिसली तरी तेच. आठवड्याभरात ऋजुताने घराबाहेर पडणंच सोडलं. रेवती हादरून गेली. जगभर मिरवायला निघालेलं आपलं संशोधन आपल्याच पोरीच्या मुळावर उठलं होतं.

"शब्द मेंदूत एकटा राहत नाही, रेवती," संचालक डॉ. दफ्तरदार म्हणाले. "तो शिकताना जे दिसलं आणि जे वाटलं, त्या सगळ्याचा मिळून एक स्मृतिठसा होतो. आपण दात्याच्या मेंदूतला ठसा टिपतो, त्यातली दृश्यं गाळतो आणि उरलेला रोपतो."

"पण भावना गाळत नाही, सर."

"गाळता येत नाही. ठसा चिकटवून ठेवणारा डिंक म्हणजे भावनाच. तो काढला की शब्दही निसटतो. ऋजुता का घाबरते ते तिला कळणार नाही, कारण दृश्य गेलंय. पण ज्याची भीती होती ते समोर आलं की भीती त्याला बरोबर ओळखते."

"मग असा दाता निवडला कुणी?"

"यंत्राने. ज्याचा ठसा सगळ्यात ठळक, तो दाता. तिथल्या चित्रकार मारिसोलबाईंचा ठसा पाहून मीच म्हणालो होतो, काय प्रेम असेल या बाईचं कलेवर!"

त्यांनी मारिसोलबाईंना फोन लावला. कलेवरच्या प्रेमाबद्दल विचारलं.

"मी हे शब्द भावाकडून शिकले," अनुवादयंत्रातून त्यांचा आवाज आला. "तेव्हा आमच्याकडे भिंतीवर लिहिणाऱ्याला गणवेशातले शिपाई उचलून नेत. माझं तोंड भिंतीकडे आणि कान बुटांच्या आवाजाकडे. भावाला नेलं, तेव्हा आमची पिंतादा अर्धीच झाली होती. तुम्ही मला फक्त शब्द विचारलेत. मी शब्द दिले."

दफ्तरदार ओशाळले. उपाय मात्र त्यांनीच सांगितला. एका शब्दाला दोन ठसे टिकत नाहीत. मारिसोलबाईंच्या ठशाहून ठळक ठसा रोपला, तर जुना पुसला जाईल. पण शब्द पक्के असलेला, आणि भीतीचा वाराही न लागलेला दाता आणायचा कुठून?

"मी होते दाता," रेवती म्हणाली. "माझ्या घरात, माझ्या लेकीजवळ बसून शिकते. तिथे कुठले शिपाई आणि कुठले बूट!"

उच्चार ऋजुताकडूनच घ्यायचे होते. प्रत्येक शब्दाला पोरगी थरथरायची, चेहरा पांढराफटक पडायचा. रेवती तिला घट्ट धरून शब्द घोकायची आणि किंकाळी कधी फुटेल या धास्तीने तिच्या चेहऱ्यावरून नजर हटवायची नाही. ही अशीच राहिली तर? माझ्यामागे हिचं कसं होणार? तरीही ती शिकत राहिली. शब्दही असे पटापट बसत गेले, की तिचं तिलाच नवल वाटलं.

चाचणीच्या दिवशी पडद्यावर रेवतीच्या ठशाची रेघ मारिसोलबाईंच्या रेघेच्या कितीतरी वर गेली.

"आईचं प्रेम, दुसरं काय!" दफ्तरदारांनी टाळी वाजवली.

यंत्राला फक्त ठळकपणा कळत होता. डिंक कसला आहे, हे ते सांगत नव्हतं, आणि पहिल्या खेपेप्रमाणे दुसऱ्या खेपेलाही कुणी विचारलं नाही. सुटकेची घाई कुणाला नसते?

रोपण झालं. ऋजुता डोळे उघडून हसली आणि थेट फाटकाकडे चालत गेली. रेवती श्वास रोखून मागे.

"गेनूकाका, केवढी ओकीबोकी मुरो आहे ही तुमची! परवानगी आणा, रंगवून टाकते."

गेनूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवती तर रडायलाच लागली. दफ्तरदारांनी धावत येऊन रेवतीची पाठ थोपटली.

"दोघी मायलेकी जरा जवळ उभ्या ऱ्हा," गेनूकाकांनी खिशातून मोबाइल काढला. फोटो काढला आणि कौतुकाने ऋजुताच्या हातात दिला.

ऋजुताने आधी आईचा चेहरा पाहिला आणि ती हसली. मग तिची नजर शेजारच्या चेहऱ्यावर गेली. मोबाइल हातातून गळून पडला.

"आई, हिला घेऊन जा! हिला माझ्यासमोरून घेऊन जा!"

"अगं, तूच आहेस ती, बाळा."

"माहितीये मला!"

घरात शब्द घोकताना आपल्याला कशाची भीती वाटत होती, ते आता रेवतीच्या लक्षात आलं. शिपायांची नव्हती, बुटांची नव्हती. भीती होती ती या एका चेहऱ्याची, आणि त्या तोंडून कधीही फुटेल अशा किंकाळीची.

ऋजुता दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा ओरबाडत होती. रेवतीने धावत जाऊन ते हात धरले, तशी ऋजुता किंचाळली. ती किंकाळी तिच्याच कानांवर पडली, आणि त्या आवाजाला घाबरून ती आणखी जोराने किंचाळली.