मोटारखान्यातले दिवे

आत्मारामभाऊंच्या वाडीत मोटार होती, पण तिला कामाला लावायची कुणाची छाती नव्हती. भाऊंच्या वडिलांनी इंग्रजांच्या राज्यात घेतलेली ती काळी, लांब नाकाची गाडी वर्षातून दोन-तीनदाच बाहेर यायची. नात्यातल्या कुणाची वरात असली की, आणि दसऱ्याला. बाकीचे दिवस ती मोटारखान्यात झाकून पडलेली असे, आणि पडून पडून तिची बॅटरी मान टाकत असे.

श्रावणातल्या एका दुपारी तसंच झालं. उघडीप होती, वाडीतल्या केळी पाणी निथळत उभ्या होत्या, आणि म्हातारे विश्रामकाका — ड्रायव्हर म्हणा, घरचे म्हणा — हॅन्डल फिरवून फिरवून घामाघूम झाले होते. भाऊंची थोरली पुष्पलता बाजूला उभी राहून त्यांना धीर देत होती. तेवढ्यात शेजारच्या नवापूरची वाट चुकलेला एक सायकलवाला फाटकाशी थांबला. वाट विचारायची सोडून तो मोटारीकडेच बघत राहिला.

"हात मोडून घ्याल, काका," तो म्हणाला. "बॅटरीच मेलीय."

"अन् तुमी कोण... बॅटरीचे डाक्टर?" काकांनी विचारलं.

पुष्पलता फिस्सकन हसली. झालं! सायकलवाल्याची नवापूरची वाट त्या दिवशी जी राहिली ती राहिलीच.

त्याचं नाव एकनाथ. नाशिककडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या एका कंत्राटदाराच्या ट्रकांच्या बॅटऱ्या बघायचा. कंत्राटदाराची शेड भाऊंच्याच जागेवर भाड्याने होती, त्यामुळे ओळख लगेच पटली. त्याने बॅटरी सायकलला बांधून शेडवर नेली, चार्ज करून परत आणून बसवली. दर रविवारी येऊन बघून जात जा, असं भाऊंनीच त्याला सांगितलं. दैव देतं ते असं, घरच्या कर्त्याच्या तोंडून!

मग रविवार उजाडायची वाट बघणं आलं. बॅटरीत घालायला पावसाचं स्वच्छ पाणी चालतं, असं एकनाथ बोलला मात्र, पुष्पलतेने लोणच्याची रिकामी बरणी घासून-पुसून अंगणाच्या मधोमध मांडली. कौलांवरचं पाणी नको, थेट आभाळातलं हवं! तिच्या आईने, माईने, विचारलं, तर म्हणाली, मोटारीसाठी. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी तो सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, ती फडकं धरून उभी राहायची. फडकं देताना बोटं लागायची... दोघांनाही ते कळायचं, आणि दोघंही बॅटरीकडे बघायची.

"नुसती पडून राहिली की मरते ही," तो एकदा म्हणाला. "रोज थोडं तरी कुणी लक्ष द्यायला हवं."

"आणि माणसं?"

"माणसांचं मला नाही कळत. मी बॅटऱ्याच बघतो."

"खोटं," ती म्हणाली. "आल्यापासून बॅटरीकडे एकदाच बघितलंत."

एकनाथचे कान लाल झाले.

पण बॅटरी चांगली राहू लागली, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रविवारी यायचं, झाकण उघडायचं, ठीक आहे म्हणायचं आणि जायचं! चहा प्यायलाही कारण उरेना. मग पुष्पलतेने काय करावं? शनिवारी दुपारी, घर झोपलं की, ती काकांच्या खुंटीवरची किल्ली घेऊन मोटारखान्यात शिरायची आणि मोटारीचे दिवे लावून दार लोटून घ्यायची. त्या बंद अंधारात भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं पडायची. रात्रीपर्यंत ती मंद व्हायची, सकाळी विझलेली असायची. बॅटरी पार बसलेली. म्हणजे ती शेडवर न्यायला हवी, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायला हवी. एका भेटीच्या दोन झाल्या!

एका रविवारी एकनाथला दिव्याचं बटण चालूच सापडलं. त्याने काकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हळूच बटण बंद केलं.

"फार नाजूक आहे हो तुमची बॅटरी," तो म्हणाला. "बरंच यावं लागणार मला."

सारखी अशी पुरती बसवली तर बॅटरी कायमची जाते, हे त्याला माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही. जाताना फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, दसरा झाला की भाऊंशी बोलतो. पुष्पलतेला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी ती सुखात होती.

दसरा आला. मोटार धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, पूजा झाली. शेजारपाजारची माणसं जमली, भाऊंनी एकनाथलाही बोलावलं होतं. पूजेनंतर मोटारीने वेशीतल्या मारुतीपर्यंत जाऊन यायचं, ही भाऊंच्या वडिलांपासूनची रीत. विश्रामकाकांनी स्टार्टर दाबला. नुसता टक्क आवाज झाला. हॅन्डल मारलं, माणसांनी ढकललं... गाडी हूं की चूं करेना. बॅटरी खरोखरीची मेली होती.

चारचौघांत, ऐन दसऱ्याला! भाऊंचा पारा चढला. बॅटरी का गेली, त्यांनी एकनाथला विचारलं. दिवे चालू राहत असतील, तो पुटपुटला. मग काय, मोटारखान्याची किल्ली काकांकडे, म्हणजे दिवे काकांनीच ठेवले! डोळे गेले, लक्ष गेलं, आता पुरे, दिवाळीच्या आत वाडीतली खोली रिकामी करा, असं भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी नाय लावले, भाऊ," ते म्हणाले. "पन तुमी म्हनता तर असंल."

पुष्पलतेने एकनाथकडे पाहिलं. बोलेल... आत्ता बोलेल... तो फडक्याला हात पुसत होता. हात स्वच्छ होते, तरी पुसत होता.

"दिवे मी लावत होते, बाबा," ती म्हणाली.

"तू? कशाला?"

तिने परत एकनाथकडे बघितलं. मग सगळ्यांनीच त्याच्याकडे बघितलं.

"मला काय कल्पना," तो भाऊंना म्हणाला. "तुम्ही बोलावलंत म्हणून मी यायचो."

कुणीतरी बाई पदराआड हसली. माईने पुष्पलतेला दंडाला धरून आत नेलं. काकांची खोली वाचली. पुष्पलतेची मात्र गावभर शोभा झाली, आणि येत्या मार्गशीर्षात मिळेल त्या घरी तिला उजवून टाकायचं, असं त्याच रात्री ठरलं.

पुढच्या रविवारी ती विहिरीवर पाणी भरत होती. एकनाथ मागच्या वाटेने आला. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

तो बोलत सुटला. तेव्हा तोंड उघडलं असतं तर भाऊंनी कंत्राटदाराच्या कानावर घातलं असतं, नोकरी गेली असती, मग तिला कुठे ठेवलं असतं? आता केंद्रातच कायमचं काम मिळण्याची आशा होती. थोडं थांब, म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला अगंतुगं करत होता.

"प्रेम आहे माझं तुझ्यावर, पुष्पा... खरंच आहे."

हेच ऐकायला तिचा जीव श्रावणापासून आसुसला होता. तिने रहाटाचा दोर घट्ट धरला.

"मी थांबले असते हो," ती म्हणाली. "नोकरी नसती तरी आले असते. पण काका घराबाहेर पडत होते, माझी अब्रू जात होती, आणि तुम्ही हात पुसत होतात."

"चुकलं माझं. घाबरलो मी."

"माहीत आहे. तुम्ही वाईट नाही. आवडता अजून, रात्ररात्र झोप नाही मला. पण उद्या माझ्यावर काही आलं, तर तुम्ही असेच बाजूला उभे राहाल... आता मला तुमची भीती वाटते."

सायकल वळवून एकनाथ केळींमधून निघून गेला. त्याला हाक मारावी, असं तिला फार वाटलं. तिने तोंडात पदर कोंबला आणि तो वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.